पुरणं

"आमच्याकडे? मुलगी?" आतेभावाने तोंडाशी नेलेला कप तसाच थांबवला. "कधीची गोष्ट ही?"

ताई हसली. माणूस विसरतो, साठीच्या आसपास जरा जास्तच विसरतो, त्यात हा सेहेचाळीस वर्षांनी भेटतोय, दोन विमानं बदलून आलाय, झोप झाली नसेल, असं सगळं तिने त्या एका हसण्यात स्वतःचं स्वतःलाच समजावून टाकलं. "चिमी हो, दादा," ती म्हणाली. "आमची सगळ्यात धाकटी. पाच महिन्यांची असताना आत्याने नेली ना तिला. आत्याला मुलगी हवी होती म्हणून." आतेभावाने कप बशीत ठेवला. आवाज होऊ नये म्हणून माणूस ठेवतो तसा, फार सांभाळून. तिला पहिल्यांदा काही जाणवलं ते त्या सांभाळण्यात. "मी दहा वर्षांचा होतो तेव्हा," तो म्हणाला. "दोन खोल्यांत राहायचो आम्ही. बाळ आलं असतं तर माझ्याच मांडीवर वाढलं असतं. आमच्याकडे कुणी आलं नाही गं." मग कपाळावर बोट घासत, आठवत आठवत, "मामीचं एक बाळ तापाने गेलं, असं मात्र आई म्हणायची. आम्ही परदेशी निघालो त्याच महिन्यात. जाता आलं नाही म्हणून शेवटपर्यंत हळहळायची. तेच का ते?"

कॅन्टीनमध्ये साडेदहाची गर्दी होती. कुणीतरी खुर्ची ओढली, कुणीतरी कुणाला हाक मारली. ताईच्या चहावर साय धरली होती आणि ती साय मधोमध सुरकुतली होती, तेवढंच तिला दिसत होतं. आतेभाऊ भला माणूस. त्याने विषय बदलला, आत्याच्या गुडघ्यांचं सांगितलं, तिच्या शेवटच्या आजारपणाचं सांगितलं, आणि उठताना कोट हातावर घेत हळूच म्हणाला, "तुझ्या भावाने लिहिलं होतं मला, पुष्कळ विचारायचंय, ताईशी समोरासमोर बसून बोला म्हणून. त्याचा फोन आला तर काय सांगू?" "काही सांगू नका," ताई म्हणाली. "मी सांगते." आपण इतक्या सहज कसं बोललो याचं तिला नवल वाटलं. तो गेला. दुपारचं विमान होतं त्याचं.

प्रयोगशाळेकडे जाणारा जिना उतरताना ती पायऱ्या एकेक करून उतरली, आजारातून उठलेलं माणूस उतरतं तशी. चिमी पत्रांत वाढली होती. आत्याचं पत्र वर्षातून दोनदा-तीनदा यायचं. पातळ निळा कागद, पलीकडची अक्षरं अलीकडे दिसणारा. आई ते हातात धरून खिडकीपाशी बसायची आणि वाचून दाखवायची. चिमीला दात आला. चिमी भिंतीला धरून उभी राहते. चिमी शाळेत रडली नाही, दुसऱ्या मुलीच रडल्या. चिमीला बेरीज येते, वजाबाकी येत नाही. भाऊ तर जीव कानात आणून ऐकायचा. तो तिच्यासाठी चित्रं काढायचा, जहाजं, पूल, दोन मजली बसगाड्या, आणि घडी करून आईकडे द्यायचा पोस्टात टाकायला. पुढे तो नकाशे काढायच्या धंद्यात शिरला आणि दुसऱ्या शहरात स्थायिक झाला, तरी विचारायचा, चिमीचं काय पत्र? चिमीचं लग्न झालं त्या वर्षी आईने घरात गोड केलं होतं. पत्र मात्र हातात कधी मिळालं नाही. वाचून झालं की आई ते चार तुकडे करून टाकून द्यायची. "एवढ्याशा खोलीत कागद कुठे साठवायचे?" म्हणायची, आणि खरंच खोली एवढीशीच होती, तेव्हा त्यात खोट काढावी असं कुणाला वाटलंच नाही. आत्या गेली आणि पत्रं थांबली. पंधरा वर्षं झाली त्याला. भावाने हाय खाल्ली नाही, त्याने चिकाटीने कॉम्प्युटरवर शोधत शोधत अखेर आतेभावाला गाठलं. म्हणजे तापाने गेली, ताई शेवटच्या पायरीवर थांबून मनाशी म्हणाली. तापाने गेली, आणि आम्ही लहान होतो, म्हणून आईने सांगितलं आत्याकडे दिली. यात वाईट काय आहे? कुठलीही आई हेच करील. असं म्हटल्यावर बरं वाटायला हवं होतं. ते वाटेना.

प्रयोगशाळा इमारतीच्या मागच्या अंगाला होती. तिथे ऊन येत नसे. लांबच लांब कपाटं, त्यांवर आठशे प्लॅस्टिकचे डबे, प्रत्येकात ओली माती, प्रत्येकावर आकडा. ताई इथे अठ्ठावीस वर्षं होती. या डब्यांत गाडणारे भुंगेरे असत. बोटाच्या पेराएवढा किडा, काळाभोर, पाठीवर दोन नारिंगी पट्टे, मिशांच्या टोकांना गोंडे. दिसायला देखणा. अंगावर बारीक उवांसारखे पाहुणे घेऊन फिरतो, ते माश्यांची अंडी खातात, म्हणजे त्याचं काम सोपं होतं. त्याला मेलेल्या उंदराचा, मेलेल्या पाखराच्या पिलाचा वास कुठच्या कुठून येतो. नर आणि मादी मिळून त्या उंदराच्या खालची माती उकरतात, उंदीर हळूहळू खाली जातो, बघणाऱ्याला वाटावं जमीनच त्याला गिळतेय. मग अंधारात ती दोघं त्याचे केस काढतात, त्याचा गोळा वळतात, तोंडातली लाळ आणि शेपटीकडचा स्राव त्याला फासतात म्हणजे तो कुजत नाही, वास मारत नाही. जवळच्या मातीत अंडी घालतात. तीन दिवसांनी अळ्या निघतात आणि सरपटत त्या गोळ्यावर येतात, आणि आई त्यांना भरवते, पाखरू भरवतं तसं, तोंडाने तोंडात. प्रोफेसरबाई नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगत, "ही जात फक्त पुरत नाही, पुरवते. पुरणं आणि पुरणं. आपल्या भाषेत शब्द एकच आहे, तो काही उगाच नाही." मुलं हसत. ताईही हसे, अठ्ठावीस वर्षं त्याच जागी.

नवी मुलगी एकोणीस नंबरचा डबा उघडून बसली होती. दोन महिने झाले होते तिला येऊन. हुशार होती, पण उंदीर हातात धरताना अजून मान वळवायची. "ताई, काहीतरी गडबड आहे," ती म्हणाली. "काल तुम्ही स्वतः मोजून सोडल्या होत्या अळ्या, सव्वीस. आज चौदाच आहेत. तीनदा मोजल्या. बारा गेल्या कुठे? झाकण तर घट्ट आहे." या प्रश्नाची ताई दर वर्षी वाट बघायची. नव्या माणसाचा चेहरा कसा होतो ते बघायला तिला आवडायचं, आणि त्यासाठी तिने एक सुरातलं, थंड, सपाट उत्तर घासूनपुसून तयार ठेवलेलं होतं. आईने खाल्ल्या. उंदीर दहा ग्रॅमचा आहे, सव्वीस जणांना पुरत नाही, चौदांना पुरतो, म्हणून. ते उत्तर आज तिच्या जिभेवर आलं आणि तिथेच बसलं. तिने चिमट्याने मातीचं ढेकूळ बाजूला केलं. मादी गोळ्याच्या वर, खळग्याशी उभी होती. अळ्या मान वर करकरून तिच्या तोंडाला झोंबत होत्या, दोन-चार मागे पडून होत्या.

"आईनेच कमी केल्या," दारातून प्रोफेसरबाई म्हणाल्या. हातात नेहमीचा फायलींचा गठ्ठा होता. नव्या मुलीचा चेहरा व्हायचा तसा झाला. "पण बाई, ती ठरवते कशी? कुणाला ठेवायचं आणि कुणाला..." बाई डब्यावर वाकल्या. "किती, ते ठरवते. मांस किती आहे, तोंडं किती आहेत. कुणाला, ते आपल्याला नीट कळलेलं नाही, त्यासाठीच तर तू आलीस. ज्या तोंडाशी येऊन मागतात त्यांना भरवते, एवढं दिसतं. आणि हे बघ, नर वर आलाय. झाकणाशी धडपडतोय. ताई, त्याला बाहेर काढा. त्याचं काम झालं." ताईने नराला चिमट्यात धरलं. तो चर्र चर्र ओरडला, पंखांखाली घासून काढतात तो आवाज, फार बारीक, आणि तिच्या मनगटापर्यंत त्याची थरथर आली.

आणि त्या थरथरीबरोबर डोळ्यांपुढे नळ आला. जुन्या खोलीच्या मागचा सामाईक नळ, आणि त्याखाली हात धुणारे बाबा. दुपार होती. बाबा दुपारी कधी घरी नसत, म्हणून ती दुपार लक्षात राहिली असावी. कारखाना बंद पडला होता आणि तरी ते रोज सकाळी बाहेर जात. त्या दिवशी ते दुपारीच परतले होते आणि कोपरापर्यंत हात घासत होते. नखांत काळी माती होती, ती जाईना, त्यांनी काडी घेतली आणि एकेक नख कोरलं. "काय केलंत, बाबा?" तिने विचारलं. ती सात वर्षांची होती, तापातून उठलेली, पाय लटपटत होते. "झाड लावलं," बाबा म्हणाले. "कुठे? दाखवा." "मग दाखवतो." आत आई गुडघ्यांवर बसून फरशी फिनाईलने पुसत होती. पुसलेलीच परत पुसत होती. डोळ्यांना झोंबत होतं. दोरीवर चिमीची दुपटी उकळून वाळत घातलेली होती, सगळीच्या सगळी, आणि इतकी पांढरी ती आधी कधी दिसली नव्हती. चिमी कुठाय? आत्याकडे दिली. बाबा त्यानंतर आठवडाभरच घरात होते. मग काम शोधायला जातो म्हणाले आणि गेले, ते गेलेच.

हे सगळं तिला ठाऊकच होतं. त्यात नवं काही नव्हतं. तिने नराला रिकाम्या डब्यात सोडलं, झाकण लावलं, नोंदवहीत वेळ लिहिली. नवी मुलगी शेजारी काहीबाही विचारत होती आणि ताई उत्तरंही देत होती. पण तापाने गेली म्हणतात ना? ताप तर मला होता. तिने पेन खाली ठेवलं. आणि मग, कुणी मागून येऊन खांद्यावर हात ठेवावा तशी, दुसरी एक गोष्ट आली. दवाखान्याची खिडकी. ती खिडकी तिच्या हनुवटीच्या वर होती, टाचा उंच कराव्या लागत. शनिवारी तिथे रांग लागायची, तान्ह्या मुलांच्या कार्डावर दुधाच्या भुकटीचा डबा मिळायचा, आठवड्याला एक. आईला कपडे शिवायचं थोडं काम मिळालं होतं, म्हणून ताई जायची. आतली नर्स कार्डावर शिक्का मारता मारता विचारायची, "बाळाला नाही आणलंस? वजन करायचंय." आणि ताई टाचा उंचावून म्हणायची, "झोपलंय." दर शनिवारी. झोपलंय. आईने घरी तिच्याकडून ते तीन-चारदा म्हणवून घेतलं होतं, कविता पाठ करून घेतात तसं. पुढच्या शनिवारी झोपलंय, त्याच्या पुढच्याही. झाडांची पानं गळली, परत आली, तरी झोपलंय. आत्याकडे गेलेलं मूल झोपलेलं कसं? ही दोन वाक्यं सेहेचाळीस वर्षं तिच्या एकाच डोक्यात राहत होती, आणि तिने ती कधी शेजारी शेजारी ठेवून बघितली नव्हती. दूध घट्ट असायचं. गोड असायचं. तळाशी गुठळ्या राहायच्या, त्या बोटाने काढून चाटायच्या असत, आणि त्या कुणाच्या वाट्याच्या यावरून तिची आणि भावाची मारामारी व्हायची. "ताई, बरं वाटत नाही का?" नवी मुलगी विचारत होती. "घाम आलाय तुम्हाला." "इथे हवाच नाही," ताई म्हणाली.

ती लवकर निघाली नाही. रोजच्या वेळेलाच निघाली, बसमध्ये तिला उभं राहायला लागलं, समोर बसलेल्या बाईच्या मांडीवर एक मूल झोपलं होतं, तोंड उघडं टाकून. ती दुसरीकडे बघत राहिली. घर चौथ्या मजल्यावर होतं. आई आतल्या खोलीत, खिडकीला लावलेल्या पलंगावर असायची. वर्षापूर्वी खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून ती उठत नव्हती, पण डोकं लख्ख होतं, सत्त्याहत्तर वर्षांचं, ताईच्या डोक्याहून तल्लख. रेडिओवरच्या बातम्यांतल्या चुका काढायची. ताईने पिशवी ठेवली, हात धुतले, आणि हात फार वेळ धुतोय हे लक्षात आल्यावर नळ एकदम बंद केला.

"भेटला का?" आईने विचारलं. "कसा दिसतो? बापावर गेलाय की आईवर?"

"चिमी आत्याकडे गेलीच नव्हती, आई."

खालून एक गाडी गेली, तिचा उजेड छतावरून सरकत गेला. आईच्या चेहऱ्यावर दचकणं नव्हतं, त्याची ताईला भीती वाटली. एखाद्या प्रवासात फार वेळ झोप न लागलेल्या माणसाला अखेर स्टेशन आलं असं कुणी सांगावं, तसा तो चेहरा होता.

"पंखा कमी कर जरा," आई म्हणाली. ताईने केला. "सेहेचाळीस वर्षं पुरलं म्हणजे बरंच पुरलं."

"तापाने गेली असं तू आत्याला कळवलंस."

"ताप तुला होता."

"ते मला माहीत आहे."

"नाही," आई म्हणाली. "तुला काही माहीत नाही. बस." ताई बसली नाही. आईने चादरीची कड बोटांत घेतली आणि घडी घालायला लागली, उघडायला, परत घालायला. "माझं दूध आटलं होतं. तुझ्या बापाला महिनाभर काम नव्हतं. दवाखान्याचा डबा एका तान्ह्या पोराचा, आणि खाणारी तीन. मी पाणी घालून घालून पुरवलं. किती पाणी घालणार? एक दिवस भांड्यात बघितलं तर तळ दिसत होता. दुधातून भांड्याचा तळ दिसतो तेव्हा ते दूध नसतं. तिघं जगणार नाहीत हे तेव्हाच कळलं मला. दोघं जगतील. ते काही मी ठरवलं नाही, ते भांड्यातच दिसत होतं."

"आई..."

"आधी तू होतीस."

ताईने पलंगाची दांडी धरली. लोखंड गार होतं.

"तू नऊ दिवस तापात होतीस. नर्स म्हणाली होती, मोठीचं काही खरं नाही. मी म्हटलं, जी जाणारच आहे तिच्या तोंडात कशाला घालायचं? दोन दिवस तुला काही दिलं नाही मी. पाणी दिलं. तुझ्याकडे पाठ करून त्या दोघांना भरवायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी तू उठलीस. कशी उठलीस देव जाणे, हातापायांच्या नुसत्या काड्या झाल्या होत्या. भिंतीला धरत धरत आलीस, आणि मी चिमीला चमचा लावत होते तर माझा हातच धरलास. मला दे म्हणालीस. मी हात सोडवला तर चावलीस. इथे." आईने उजव्या हाताचं बोट वर केलं. खिडकीतल्या उजेडात तिथे काही दिसलं नाही, म्हाताऱ्या बोटावर असतात तेवढ्या सुरकुत्या फक्त. "भाऊ तर भोकाड पसरायचा. तुम्ही दोघं मागायचात. ती मागायची नाही गं. तिचा स्वभावच गरीब होता. दिलं तर प्यायची, नाही दिलं तर बघत राहायची. मी काही केलं नाही. करायचं थांबवलं. चार दिवस लागले."

ताईच्या तोंडात लाळ सुटली, गोड. तिने ती गिळली.

"बाबांना माहीत होतं?"

"त्यांनीच खड्डा खणला. पंपघराच्या मागच्या भिंतीशी. मी तिला दुपट्यात गुंडाळली, घट्ट, तशीच ती झोपायची म्हणून. आम्ही दोघांनी मिळून माती लोटली. एक शब्द बोललो नाही. तुझा बाप वाईट नव्हता. त्याला नंतर माझं तोंड बघवेना, एवढंच. गेला. तो जायला मोकळा होता."

"आणि कार्ड?"

"नोंद केली असती तर डबा बंद झाला असता," आई म्हणाली, जणू हे विचारण्यासारखंच नव्हतं. "कार्ड तिच्या नावाचं होतं. पुढचं दीड वर्ष दूध तिच्या नावाने आलं. तेवढ्यात तुमच्या अंगावर मांस चढलं, मला शिवणाचं काम लागलं. आपण तिघं त्या डब्यांवर निघालो. मग तुम्हाला काय सांगणार होते मी? दूध कुणाचं पिताय म्हणून?" ती थांबली. तिचा श्वास वर चढला होता. "तुझ्या आत्याला तापाने गेली म्हणून लिहिलं. तुम्हाला आत्याकडे गेली म्हणून. पत्रात नसलेलं वाचायला सुरुवातीला फार जड गेलं. मग सोपं झालं. मग मला वाटायला लागलं, आता ती दुसरीत गेली असेल, आता तिला चष्मा लागला असेल, आणि तेच मी वाचायचे. खोटं वाटायचं नाही मला."

"त्याची चित्रं?" ताईने विचारलं. आपला आवाज इतका रोजच्यासारखा कसा येतोय हे तिला कळेना.

"पोस्टात कुठे टाकणार? तिच्याकडेच नेऊन द्यायचे. भिंतीशी. घडी करून मातीत खोचायचे." आईच्या तोंडाची एक बाजू किंचित हलली. "जहाजं छान काढायचा. ती जागा गेली आता. तिथे गाड्या उभ्या करतात, हाड मोडायच्या आधी एकदा रिक्षाने जाऊन बघून आले."

ताई तिच्याकडे बघत होती. ही बाई तिचे केस विंचरत असे. परीक्षेच्या सकाळी पाठीवर हात ठेवत असे. हिने आपल्याला जेवताना कधी म्हणजे कधी कमी वाढलं नाही, उलट ताटाशी बसून राहायची, एकेक घास तोंडात जाईपर्यंत नजर काढायची नाही, आणि आपल्या मैत्रिणी म्हणायच्या, किती गं लाड तुझे. रागवावं असं ताईला वाटत होतं. राग शोधत ती आपल्या आत उतरत गेली, अंधारात हात पुढे करून जातात तशी, आणि तिच्या हाताला राग लागला नाही, भूक लागली. सात वर्षांची, नऊ दिवसांच्या तापातली, भिंत धरून येणारी भूक. ती अजून होती तिथे. त्या सकाळी आपण आपल्या बाजूला पडून राहिलो असतो तर? चिमी आज सातव्या वर्षी गेलेल्या एका बहिणीचं नाव न घेता या खोलीत उभी राहिली असती. तिने पलंगाच्या उशाशी उभं राहून आईची चादर नीट केली असती. तिला कुणी काही सांगितलं नसतं, आणि तिने विचारलंही नसतं, कारण तिचा स्वभाव गरीब होता.

"तुला परत तीच वेळ आली तर..." ताई म्हणाली, आणि वाक्य तसंच सोडलं.

"तर काय," आई म्हणाली. "तू चावलीस ना? मग."

बाहेरच्या खोलीत फोन वाजला. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. ताईने जाऊन फोन उचलला आणि कशी कोण जाणे, परत आईच्या दारात येऊन उभी राहिली.

"अगं ताई, काय झालं? सकाळपासून वाट बघतोय मी, ऑफिसात एक रेघ धड ओढली नाही!" भावाचा आवाज इतका मोठा होता की पलंगापर्यंत पोचत होता. त्याच्या मागे त्याच्या घरातले आवाज होते, ताटं, कुणाचं तरी हसणं. "आला होता ना तो? विचारलंस?"

"विचारलं."

"मग? आहे ना ती? बोल की. ताई, नाही तर नाही म्हण, माझी तयारी आहे, खरंच आहे. पण बोल."

त्याची काही तयारी नव्हती. पन्नास वर्षांचा पुरुष, श्वास रोखून होता. फोनमध्ये तो रोखलेला श्वास ऐकू येत होता. ताईने डोळे मिटले. काय बोलायचं आहे ते तिने ठरवलेलं नव्हतं. तिच्या टाचा आपोआप जमिनीवरून किंचित उचलल्या गेल्या होत्या.

"बरी आहे म्हणे," ती म्हणाली.

पलीकडे तो रडायला लागला. मग हसला. मग बायकोला ओरडून सांगितलं, मग परत फोनशी आला. "कुठे असते? घर कसं आहे? तिला आपली आठवण... नाही, तिला कशी असणार. मुलंबाळं?"

"आहेत," ताई म्हणाली. "दोन."

आतून, उशीवरून, आईचा आवाज आला, हळू, चुकलेला हिशोब सुधारावा तसा. "दोन कशाला? तीन सांग."

"तीन," ताई म्हणाली. "तीन आहेत."

"तीन! बघ! आणि नावं? नावं विचारलीस का त्यांची?"

आईने हात पुढे केला होता. फोन मागत होती. तिचे डोळे चमकत होते, पत्र वाचताना चमकायचे तसे, आणि ओठ आधीच हलायला लागले होते. ताईने फोन तिला दिला नाही. तिने आईकडे पाठ केली, दाराच्या चौकटीला टेकली, आणि मोठीपासून सुरुवात केली.

"मोठी ना," ती म्हणाली, "मोठी फार हट्टी आहे म्हणे."